दस्त्यावरचा काळा थर : जुन्या रायफलीचे लाकूड हे इतिहासाचे साधन

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले की आपण ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, दफ्तरे अशी यादी म्हणून दाखवतो. या पाठात ज्या साधनाकडे पाहायचे आहे, ते त्या यादीत सहसा नसते. ते म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचे तीन-चार तुकडे. तेल, घाम आणि धूळ यांनी काळे पडलेले. ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलीचे हे लाकूड. ते स्वच्छ कसे करावे, हा प्रश्न वरवर सुताराचा किंवा शस्त्रागारातल्या कारागिराचा वाटेल. पण किती स्वच्छ करावे आणि कुठे थांबावे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याचा आहे.

तुमच्यापैकी जे एनसीसीत होते, त्यांनी ही रायफल हातात घेतली असेल, निदान कवायतीपुरती तरी. ‘चिंदी’, ‘पुलथ्रू’, ‘कोत’ हे शब्द त्यांना नवे नाहीत. इतरांसाठी सांगतो : कोत म्हणजे हत्यारे ठेवायची खोली, पुलथ्रू म्हणजे नळी साफ करायची वजन लावलेली दोरी, आणि चिंदी म्हणजे त्या दोरीत अडकवायचा कापडाचा तुकडा. नळी कशी साफ करायची हे प्रत्येक कॅडेटला पाठ असते. लाकडाबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही.

हे लाकूड आले कुठून?

जेम्स पॅरिस ली यांनी आखलेली बोल्टची रचना आणि लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड येथे असलेला सरकारी कारखाना, या दोन नावांचा जोड म्हणजे ली-एनफिल्ड. तिचा आखूड नळीचा प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि १९०७ मध्ये त्याचे ‘मार्क ३’ हे सुप्रसिद्ध रूप ठरले. लांबी सुमारे ११३ सेंटीमीटर, वजन जवळजवळ चार किलो, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे आणि नळीचा व्यास ०.३०३ इंच. या शेवटच्या आकड्यावरूनच ‘थ्री नॉट थ्री’.

भारतात ती बनू लागली हुगळीच्या काठी, इशापूरला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये दारूचा कारखाना काढला होता. दारू म्हणजे अर्थातच तोफा-बंदुकांची. त्याच जागेवर १९०४ मध्ये रायफल कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यापूर्वीच्या इशापुरी रायफलीच्या धातूवर मुकुट आणि ‘जीआरआय’ ही अक्षरे असतात. ‘जीआर’ म्हणजे राजा जॉर्ज आणि ‘आय’ म्हणजे इंपरेटर, अर्थात सम्राट. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आरएफआय’ ही अक्षरे आली. १९६२ च्या युद्धानंतर याच रचनेवर ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल इशापूरने बनवली. म्हणजे एका साम्राज्याचे हत्यार राजवट बदलल्यावरही त्याच कारखान्यात, त्याच सांगाड्यावर बनत राहिले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात ही रायफल शेवटची मिरवली. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात हीच होती. समोर स्वयंचलित रायफली होत्या.

आता लाकडाकडे येऊ. मार्क ३ रायफलीत ते जवळजवळ पूर्ण नळी झाकते. मागे खांद्याला टेकणारा दस्ता, पुढे नळीखालचे लांब लाकूड (त्याला कारागीर ‘फोर-एंड’ म्हणतात) आणि नळीवर बसणारी झाकणे, म्हणजे हँडगार्ड. भराभर गोळ्या झाडल्या की नळी हात लावू देत नाही इतकी तापते. म्हणून हे सारे वेष्टन. फोर-एंड हा केवळ धरायचा भाग नाही. गोळी सुटताना मागे बसणारा झटका त्याच्या मागच्या टोकाजवळच्या दोन छोट्या आधारांवर येतो. तिथे लाकूड आणि धातू घट्ट भिडलेले नसतील, तर लाकूड चिरते. इशापूरच्या कारागिरांनी यावर एक उपाय केला : मॅगझिनच्या पुढे, फोर-एंडमधून आरपार जाणारा एक आडवा स्क्रू. जगभरचे जाणकार त्याला आज ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात. कारखान्याचे नाव जगात एका स्क्रूने टिकवावे, ही गंमत मला नेहमी वाटते.

अक्रोडच का? कारण ते मजबूत असून फार जड नाही, नीट वाळवले तर वाकत-पिळत नाही आणि झटका सोसते. पण चांगले वाळलेले अक्रोड महाग आणि दुर्मीळ. म्हणून युद्धकाळातल्या रायफलींचे लाकूड पाहिले, की कोणत्या देशाला कशाची चणचण होती ते कळते. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुड ही तिकडची लाकडे वापरली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने बीच आणि बर्च या लाकडांवर भागवले. सगळ्यांवर एकसारखा गडद रंग चढवून पॉलिश केले, की हा फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जवसाचे तेल

या लाकडाला लावायचे ते कच्चे जवसाचे तेल. ज्या जवसाची चटणी विदर्भात भाकरीबरोबर खातात, तेच. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून ब्रिटनला जाणाऱ्या तेलबियांत जवसाला मोठे स्थान होते आणि मध्य भारत हा त्याच्या पिकाचा मोठा प्रदेश. तिकडे त्यापासून रंग, व्हार्निश आणि लिनोलियम बनत असे. लिनोलियम या नावातच जवस आहे.

तेलातेलांत फरक असतो, हे समजले नाही तर पुढचे काहीच समजणार नाही. खोबरेल किंवा यंत्राचे खनिज तेल लाकडावर लावले तर ते तसेच राहते, आत मुरते, लाकूड मऊ करते. जवसाचे तेल ‘वाळते’. पण वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. त्यातली मेदाम्ले, विशेषतः लिनोलेनिक आम्ल, हवेतला प्राणवायू घेतात आणि एकमेकांना जोडली जाऊन लाकडाच्या रंध्रांत चिवट जाळे तयार होते. म्हणूनच सैनिकाला ते पुन्हा पुन्हा, थोडे थोडे, तळहाताने चोळावे लागे. हे जाळे काळाबरोबर पिवळे आणि मग गडद होत जाते. त्यात धूळ अडकते, नळीचे खनिज तेल झिरपते, हाताचा घाम मिसळतो, कोतात वर्षानुवर्षे ठेवताना थापलेले ग्रीस उन्हाळ्यात वितळून उतरते. आपण ज्याला ‘मळ’ म्हणतो तो काळा थर असा बनतो. तो एका दिवसाचा नसतो आणि एका हाताचाही नसतो.

थर काढण्याआधी तो वाचायचा

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या छोट्या संग्रहात सहा जुन्या रायफली होत्या. त्यांच्या दस्त्यांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे आणि आकडे, एकावर चाकूने कोरलेली दोन देवनागरी अक्षरे आणि पितळी चकत्या होत्या. मी त्यांच्या नोंदी करायचे ठरवून परतलो. पुन्हा गेलो तेव्हा वर्धापनदिनाची तयारी म्हणून सहाही रायफली ‘नव्यासारख्या’ झाल्या होत्या. पॉलिश पेपर मारून वर चकचकीत व्हार्निश. करणाऱ्याने मनापासून काम केले होते, त्याला दोष देता येत नाही. पण ती दोन अक्षरे गेली होती. कोणाची होती, हे विचारायची सोयही त्यांच्याबरोबर गेली. माझ्याजवळ एक अंधुक छायाचित्र होते, त्यात फक्त पहिले अक्षर कळते.

नेमके काय गेले, ते पाहू.

पहिली गोष्ट, बट नंबर. पोलीस असो वा पलटण, कोतातून हत्यार देताना-घेताना दस्त्यावरच्या रंगवलेल्या क्रमांकाने नोंद होते. रजिस्टरात ‘अमुक शिपाई, बट नंबर अमुक’ असे लिहिले जाते. हा क्रमांक म्हणजे वस्तू आणि कागद यांना जोडणारा दुवा. नळीवरचा क्रमांक कारखान्याने दिलेला असतो. बट नंबर त्या तुकडीने दिलेला. रायफलीचे कारखान्यानंतरचे सगळे आयुष्य या दुसऱ्या क्रमांकाच्या आधाराने शोधता येते. तो खरवडला, की रजिस्टर एकीकडे आणि रायफल दुसरीकडे. दोन्ही मुके.

दुसरी, चकती. मार्क ३ च्या दस्त्याच्या उजव्या बाजूला मुळात एक पितळी चकती बसवलेली असे आणि तिच्यावर पलटणीची खूण ठोकलेली असे. पहिल्या महायुद्धात उत्पादनाची घाई वाढली तशी ती वगळण्यात आली. त्यामुळे चकती असणे वा नसणे हीसुद्धा माहिती आहे. चकतीच्या कडेने लाकडात हिरवा डाग दिसतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे घरी सर्वांना ठाऊक असते. इथेही तेलातली आम्ले तांब्याशी तेच करतात. हा कळंक हलक्या हाताने काढावाच, कारण तो पसरतो. पण त्यासाठी चकती ब्रासोने घासून आरशासारखी करू नका. अक्षरे झिजतात.

तिसरी, दस्त्याची लांबी. सगळ्यांचे हात सारखे नसतात म्हणून दस्ते आखूड, साधारण आणि लांब अशा मापांत येत, पुढे ‘बँटम’ हे आणखी आखूड मापही आले. मापाचे अक्षर लाकडावर ठोकलेले असते. मात्र दस्ते बदललेही जात, तेव्हा एवढ्यावरून रायफलीच्या मालकाच्या उंचीबद्दल लगेच निष्कर्ष काढू नका.

आणि चौथी खूण, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : कोणाला कोणते हत्यार दिले गेले याची. १८५७ चा उठाव एनफिल्डच्याच जुन्या, १८५३ च्या रायफलीच्या काडतुसावरून पेटला, हे तुम्ही शाळेत शिकलात. त्यानंतर काय झाले, हे पाठ्यपुस्तकात क्वचित येते. हिंदी शिपायांच्या हाती आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. पुढे त्यांना रायफली मिळाल्या, तरी गोऱ्या सैन्यापेक्षा एक पिढी जुन्या. १८७८-८० च्या अफगाण युद्धात गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री होती आणि हिंदी पलटणींकडे स्नायडर. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाचे हत्यारही परवान्याखाली आणले. अगदी १९१४ मध्येसुद्धा हिंदी सैन्य मार्सेल्सच्या बंदरात उतरले तेव्हा त्याच्या जवळच्या रायफली बदलून फ्रान्समध्ये वापरात असलेल्या काडतुसाच्या नव्या रायफली द्याव्या लागल्या. म्हणजे अनोळखी हत्यार हातात घेऊन माणसे काही आठवड्यांत खंदकात उभी राहिली.

हा अविश्वास लाकडातही दिसतो. ली-एनफिल्ड बदलून इशापूरने ‘.४१०’ नावाची बंदूक केली होती. पहारेकरी आणि पोलीस यांच्यासाठी, गुळगुळीत नळीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. दहा गोळ्यांचे मॅगझिन जिथे बसायचे, तिथे लाकडाचा ठोकळा भरून टाकत. वरून पाहता ती थ्री नॉट थ्रीच वाटते. हा ठोकळा ‘मूळचा नाही’ म्हणून कोणी काढून टाकला आणि मॅगझिन बसवून रायफल ‘पूर्ववत’ केली, तर एक सबंध सरकारी धोरण कचऱ्यात जाईल.

खरवडू नका

जुन्या वस्तूचे मूळ रूप परत आणावे की आज आहे ते रूप टिकवावे, हा वाद जुना आहे. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्येच जीर्णोद्धाराला कडाडून विरोध केला. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी स्थापलेल्या संस्थेला ‘अँटी-स्क्रेप’ असे टोपणनाव पडले, म्हणजे ‘खरवड-विरोधी’. त्या काळी इंग्लंडातल्या चर्चच्या भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून आतला दगड उघडा करण्याची टूम होती. आपल्याकडे जॉन मार्शल यांनी १९२३ च्या संवर्धन-पुस्तिकेत पुरातत्त्व खात्याला हेच बजावले : नवे करणे नव्हे, जे आहे ते राखणे हे पहिले कर्तव्य. लेणी आणि देवळे यांच्याबद्दल म्हटलेले हे सूत्र दस्त्याला लावले, तर पॉलिश पेपर पहिल्या दिवशीच बाहेर जातो. त्याला एक साधे यांत्रिक कारणही आहे. लाकूड आणि धातू मुळात एका पातळीवर घडवलेले असतात. लाकूड घासले, की ते धातूपेक्षा खाली जाते आणि पुन्हा वर येत नाही.

मग करायचे काय? आधी कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात हत्याराचे भागही हत्यारातच मोडतात आणि .३०३ हा बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. तेव्हा हे काम संग्रहालय, पलटण किंवा पोलीस यांच्या ताब्यातील रायफलीवर, त्यांच्या शस्त्रकारागिरासमोर, रायफल रिकामी असल्याची त्याने खात्री केल्यावरच.

मग छायाचित्रे. सरळ उजेडात आणि पुन्हा बाजूने तिरका उजेड टाकून. तिरक्या उजेडात पुसट ठसे उठून दिसतात. त्यानंतर सुटे करणे. इथे एक गोष्ट पाठ करा : मार्क ३ मध्ये फोर-एंड काढल्याशिवाय दस्त्याचा बोल्ट फिरवायचा नाही. दस्त्यात खोलवर असलेल्या त्या लांब बोल्टचे चौकोनी टोक फोर-एंडच्या मागच्या बाजूच्या पट्टीत अडकलेले असते. घाईने बोल्ट फिरवला, की फोर-एंड आतून फुटतो. कित्येक फोर-एंड लढाईत नव्हे, अशा घाईत फुटले आहेत.

कोरडी धूळ मऊ ब्रशने. वरचा चिकट थर मिनरल टर्पेंटाइनने किंचित ओल्या केलेल्या सुती कापडाने, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाहून, आणि खिडक्या उघड्या ठेवून. रंगवलेल्या क्रमांकाच्या जवळपास जायचे नाही. तो रंगही याच द्रावणाने सुटू शकतो. लाकडात ग्रीस खोल मुरले असेल तर खडूची बारीक पूड त्याच द्रावणात कालवून तिचा लेप देतात. वाळताना तो तेल शोषून घेतो. लेप झटकायचा, पुन्हा द्यायचा. दोन-तीन दिवस लागतात, लागू द्यावेत.

पोचे आल्याच्या जागी ओले कापड ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात, ही युक्ती सुतारांना माहीत असते. ती इथे वापरू नये असे माझे मत आहे, कारण तपासनिसाचे ठसे हेसुद्धा दबलेले तंतूच असतात. वाफेला पोचा आणि शिक्का यांतला फरक कळत नाही. चिरेसाठी जुना सरस उत्तम, उष्णता आणि ओलाव्याने तो पुन्हा सोडवता येतो. इपॉक्सी घट्ट बसते, पण सुटत नाही. मात्र तेलाने माखलेल्या लाकडाला कोणताच डिंक नीट धरत नाही, म्हणून साफसफाई आधी.

शेवटी तेलाचा प्रश्न, आणि इथे जाणकारांत एकमत नाही. पलटणीच्या परंपरेप्रमाणे जवसाचे तेलच हवे, असे हत्यारे वापरणारे म्हणतात आणि ऐतिहासिकदृष्ट्या त्यांचे बरोबर आहे. संग्रहालयातले रसायनज्ञ म्हणतात, जवसाचे तेल एकदा वाळले की काढता येत नाही आणि दरवर्षी लाकूड आणखी काळे करते. त्यापेक्षा सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्या, तो उद्या पुसता येईल. मला विचाराल तर कवायतीत अजून फिरणाऱ्या रायफलीला तेल, आणि जी काचेमागे कायमची बसली तिला मेण. ती रायफल आता पावसात उभी राहणार नाही. तिला पाणी रोखायचे नाही, पुरावा राखायचा आहे.

काय काढले, काय ठेवले, कोणते द्रावण वापरले, कोणत्या तारखेला, हे सारे नोंदवहीत बट नंबरसह लिहा. काढलेल्या मळाने काळे झालेले पहिले कापड एका डबीत, चिठ्ठी लावून ठेवा. त्यात कोणते तेल आणि कोणते ग्रीस होते हे पुढे कोणी प्रयोगशाळेत तपासू शकेल. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा, आणि मगच कोताला कुलूप लावा.